रविवारची चित्रशाळा भरवणारा कलावंत : वॉल्टर लँगहॅमर

स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेचा इतिहास सांगताना १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा उल्लेख टाळता येत नाही. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हवळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे या गटाचे सहा संस्थापक सदस्य. यांतील बहुतेकांच्या आरंभीच्या दिवसांची हकिकत वाचू लागले की, एक परदेशी नाव पुन:पुन्हा समोर येते. ते नाव वॉल्टर लँगहॅमर यांचे. टाइम्स ऑफ इंडियाचे पहिले कला-संचालक आणि तरुण चित्रकारांचे पाठीराखे, एवढ्या दोन विशेषणांत त्यांची ओळख आटोपली जाते. त्यामागे उभे असलेले आयुष्य मात्र असे एका ओळीत मावणारे नाही. ऐन तेहतिसाव्या वर्षी मायदेशाला पारखा झालेला, वर्ग आणि विद्यार्थी दोन्ही हातचे गेलेला एक कलाशिक्षक परक्या शहरात येतो, वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी धरतो आणि आठवड्याच्या सुटीच्या दिवशी आपल्या राहत्या घरातच चित्रशाळा भरवतो, अशी ही कहाणी आहे.

लँगहॅमर यांचा जन्म १९०५ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात झाला. मुंबईत ते सर्रास जर्मन म्हणून ओळखले जात. त्यांची मातृभाषा जर्मन होती आणि १९३८ नंतरच्या कागदपत्रांच्या हिशेबाने ते जर्मन नागरिकही ठरत होते. परंतु त्यांची कलाविषयक जडणघडण झाली ती व्हिएन्नात. तेथील ललित कला अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रिया-हंगेरीचे अवाढव्य साम्राज्य मोडीत निघाले होते आणि व्हिएन्ना ही एका लहानशा प्रजासत्ताकाची आवाक्याबाहेर मोठी राजधानी होऊन बसली होती. गुस्ताव क्लिम्ट आणि एगॉन शिले हे तिथले दोन थोर चित्रकार १९१८ या एकाच वर्षी निवर्तले होते. ऑस्कर कोकोश्का या त्यांच्या धाकट्या समकालीनाच्या भडक, अस्वस्थ रंगलेपनाचा प्रभाव नव्या पिढीवर पडत होता. वस्तू जशी दिसते तशी न रंगवता ती पाहताना मनात जे उसळते ते रंगाने पकडायचे, ही अभिव्यक्तिवादाची शिकवण लँगहॅमर यांनी याच वातावरणात आत्मसात केली. पुढे भारतातील त्यांच्या चित्रांवरही तिची छाप राहिली.

व्हिएन्नातच त्यांची केटे यांच्याशी गाठ पडली आणि पुढे दोघे विवाहबद्ध झाले. केटे ज्यू होत्या आणि त्यांची राजकीय मते समाजवादी होती. त्या काळात व्हिएन्ना महानगरपालिकेवर समाजवाद्यांची सत्ता होती. कामगारांसाठी घरे, शाळा, वाचनालये उभारण्याचा मोठा प्रयोग त्या शहरात चालला होता. १९३४ च्या फेब्रुवारीत झालेल्या रक्तरंजित संघर्षानंतर तो प्रयोग दडपण्यात आला. लँगहॅमर या सुमारास कलाशिक्षक म्हणून काम करीत होते. चित्रे काढणे आणि चित्रे काढायला शिकवणे ही दोन्ही कामे त्यांनी तेव्हापासूनच जोडीने केली.

१२ मार्च १९३८ रोजी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि दुसऱ्याच दिवशी तो देश जर्मनीत विलीन केल्याचे जाहीर झाले. व्हिएन्नातील ज्यूंवर भररस्त्यात अत्याचार सुरू झाले. त्यांची दुकाने, घरे, नोकऱ्या हिरावल्या गेल्या. जर्मनीत लागू असलेले वंशभेदाचे कायदे ऑस्ट्रियातही आले. ज्याची पत्नी ज्यू आहे अशा माणसालाही सरकारी सेवेत आणि अध्यापनात स्थान उरले नाही. पत्नीला सोडून नोकरी व कारकीर्द वाचवण्याचा मार्ग अशा माणसांपुढे खुला होता आणि काहींनी तो पत्करलाही. लँगहॅमर यांनी तो पत्करला नाही. दोघांनी देश सोडण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ते मुंबईला आले.

मुंबईला जर्मन भाषक कलावंत नवे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजा रविवर्मा यांचा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला होता. लोणावळ्याजवळच्या मळवलीतून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली होती. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे जर्मन काम करीत होते. १९३३ नंतर मात्र येणाऱ्यांची तऱ्हा बदलली. व्यवसायासाठी येणाऱ्यांच्या जोडीला जीव वाचवण्यासाठी येणारे दिसू लागले. मुंबईतील ज्यू समाजाने अशा निर्वासितांच्या साहाय्यासाठी १९३४ साली संस्थाही स्थापन केली होती. डॉक्टर, अभियंते, संगीतकार, व्यापारी अशी नाना प्रकारची माणसे या बंदरात उतरत होती. ब्रिटिश सरकार मात्र उपजीविकेची हमी असल्याशिवाय कोणाला सहजी प्रवेश देत नसे.

लँगहॅमर यांना टाइम्स ऑफ इंडियात कला-संचालकाची नोकरी मिळाली. हे पदच त्या वृत्तपत्रात नवे होते. बोरीबंदरच्या त्या प्रसिद्ध इमारतीतून दैनिकाबरोबरच इलस्ट्रेटेड वीकली आणि दरवर्षीचा देखणा वार्षिकांक निघत असे. मासिकांची मांडणी, जाहिरातींची सजावट, चित्रांची निवड आणि त्यांचे मुद्रण ही सारी कामे कला-संचालकाच्या नजरेखालून जात. त्या काळी रंगीत चित्र छापणे हे किचकट काम होते. मूळ चित्रातील पिवळा, तांबडा, निळा आणि काळा हे घटक छायाचित्रणाने वेगळे करायचे, प्रत्येक रंगासाठी धातूचा स्वतंत्र ठसा तयार करायचा आणि ते चारही ठसे एकावर एक अचूक बसतील अशा रीतीने कागदावर उमटवायचे. एखादा ठसा केसभर सरकला तरी चित्र बिघडे. रंग म्हणजे काय, तो कशाच्या शेजारी ठेवला की कसा दिसतो, याचे भान या व्यवसायात रोजच्या रोज पणाला लागे. चित्रकार लँगहॅमर आणि नोकरदार लँगहॅमर यांना जोडणारा दुवा हाच होता.

स्थिरावू लागलेले हे आयुष्य वर्षभरातच पुन्हा हादरले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि भारतातील जर्मन पारपत्रधारक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ऑस्ट्रियाचे अस्तित्वच पुसले गेल्याने ऑस्ट्रियन निर्वासितांची गणनाही त्यांतच झाली. बॉम्बे टॉकीजचे ऑस्टन आणि विर्शिंग पकडले गेले. मुंबई इलाख्यातील अनेक जर्मन पुरुषांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. नाझींपासून पळून आलेल्यांना आणि नाझींच्या पाठीराख्यांना एकाच कुंपणाआड डांबण्याचा हा प्रकार होता. पुढे चौकशी होऊन अनेक निर्वासितांना मोकळीक मिळाली, तरी पोलिसांची नजर आणि हालचालींवरील बंधने युद्ध संपेपर्यंत कायम राहिली. ज्या राजवटीने देशोधडीला लावले, तिचाच नागरिक म्हणून संशयित ठरण्याचे हे दु:ख लँगहॅमर दांपत्याच्याही वाट्याला आले.

मुंबईचे कलाविश्व या वेळी एका वळणावर उभे होते. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तववादी चित्रणाची भक्कम परंपरा घडली होती. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे दिग्गज तिचे अध्वर्यू होते. तळकोकणातील सावंतवाडीहून आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगावर असामान्य प्रभुत्व मिळवले होते आणि स्वत:ची कलासंस्थाही चालवली होती. हुबेहूब व्यक्तिचित्र, निसर्गदृश्यातील पारदर्शक प्रकाश, रेखाटनाची शिस्त यांत ही मंडळी कोणापुढेही हार जाणारी नव्हती. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्नही जे. जे.मध्ये झाला होता. त्यांच्यानंतर आलेले संचालक चार्ल्स जेरार्ड यांनी युरोपातील आधुनिक प्रवाहांची खिडकी किलकिली केली. तरीही सेझान, व्हॅन गॉग, मातिस, पिकासो यांच्या चित्रांशी तरुणांचा परिचय बहुधा ऐकीव किंवा पुस्तकी असे. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात टाटा कुटुंबीयांनी दिलेली युरोपीय चित्रे होती, पण ती जुन्या वळणाची. नव्या चित्रांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे छापील प्रतिकृती, आणि चांगल्या प्रतिकृतीही दुर्मीळ होत्या.

नेपियन सी रोडवरील लँगहॅमर यांच्या घरात अशा प्रतिकृती होत्या आणि त्या कशा पाहायच्या हे सांगणारा माणूसही होता. रविवारी तरुण चित्रकार आपापली चित्रे घेऊन तेथे जमत. लँगहॅमर ती चित्रे समोर ठेवून त्यांविषयी बोलत. मग एखाद्या युरोपीय चित्राची प्रतिकृती घेऊन तिची रचना उलगडून दाखवत. केटे यांचा या मैफलीतील वाटा केवळ यजमानिणीचा नव्हता. कला, समाज, राजकारण यांवरील चर्चेत त्या बरोबरीने भाग घेत. शुल्क नाही, हजेरीपट नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही, अशी ही शाळा होती. जात, धर्म, भाषा, आर्थिक स्थिती यांपैकी कशाचीही चौकशी तेथे होत नसे. त्या काळच्या मुंबईत एखाद्या गोऱ्या माणसाच्या दिवाणखान्यात मोटार पुसणारा नोकर आणि विलायतेत शिकून आलेला श्रीमंत तरुण एकाच पंगतीला बसतात, ही गोष्ट साधी नव्हती.

मोटार पुसणारा नोकर हा उल्लेख कल्पनेतला नाही. कृष्णाजी आरा यांचे पूर्वायुष्य तसेच होते. सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे १९१४ साली जन्मलेले आरा लहानपणीच घर सोडून मुंबईला आले. त्यांनी घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. मिळेल त्या वेळात ते चित्रे काढीत. त्यांच्या चित्रांतील रांगडी ताकद टाइम्सचे कलासमीक्षक रूडी व्हॉन लायडन यांच्या नजरेत भरली आणि लँगहॅमर यांनीही त्यांना आपलेसे केले. १९४२ साली चेतना उपाहारगृहात आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. फुलांचे गुच्छ, फळे, भांडी अशा घरगुती विषयांना त्यांनी जे भारदस्त रूप दिले ते कोणत्याही कलाशाळेत शिकून येणारे नव्हते. लँगहॅमर यांचे मोठेपण असे की, या माणसाला अकादमीच्या साच्यात बसवण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. हातात जे बळ आहे ते ओळखायचे आणि त्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांनी केले.

रझा यांची गोष्ट वेगळी. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते १९४३ मध्ये मुंबईला आले. शिष्यवृत्तीची आशा फोल ठरली, तेव्हा एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ या ठसे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात फोर्ट, गिरगाव या भागांतील रस्त्यांची, पावसात भिजलेल्या वस्त्यांची जलरंगातील चित्रे, असा त्यांचा क्रम होता. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात ही चित्रे लायडन आणि लँगहॅमर यांनी पाहिली. रझा राहत होते ती जागा चित्रे काढण्याजोगी नव्हती, हे कळल्यावर लँगहॅमर यांनी आपला स्टुडिओ त्यांना वापरायला दिला. नवख्या चित्रकाराला शाबासकी देणारे पुष्कळ असतात. आपल्या कामाची जागा आणि तिथला उजेड वाटून घेणारे फार थोडे. त्या काळातील रझा यांच्या निसर्गदृश्यांत रंगाचे जे जोरकस, स्वैर फटकारे दिसतात, त्यांत या सहवासाची खूण स्पष्ट आहे. १९४६ साली रझा यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले आणि १९४८ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

कलावंताला मार्गदर्शनाइतकीच ग्राहकाची आणि समीक्षकाचीही गरज असते. या दोन्ही बाजू लँगहॅमर यांच्या दोन मित्रांनी सांभाळल्या. बर्लिनमध्ये १९०८ साली जन्मलेले लायडन मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, ते मुंबईला आले आणि व्यंगचित्रकार, समीक्षक म्हणून नावारूपाला आले. टाइम्समधील त्यांच्या परीक्षणांनी नव्या चित्रकारांना वाचकांपुढे आणले. दुसरे इमॅन्युएल श्लेसिंजर. व्हिएन्नातून निर्वासित होऊन आलेल्या या उद्योजकाने मुंबईत औषधनिर्मितीचा व्यवसाय सुरू केला आणि तरुणांची चित्रे विकत घेण्याचा धडाका लावला. चित्र विकले गेले तर पुढच्या महिन्याचे रंग येणार, अशा अवस्थेतील कलावंतांना या खरेदीचा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना करता येते. लँगहॅमर शिकवीत, लायडन लिहीत आणि श्लेसिंजर विकत घेत, अशी ही त्रयी होती. केकी गांधी या पारशी तरुणाने १९४१ च्या सुमारास चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा दुकानाच्या दर्शनी भागात नव्या चित्रकारांची चित्रे लावण्याची प्रेरणा त्याला लँगहॅमर यांच्याच वर्तुळातून मिळाली. त्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानातून पुढे १९६३ मध्ये गॅलरी केमोल्ड उभी राहिली आणि मुंबईत चित्रांच्या व्यवसायाला एक स्थायी ठिकाण मिळाले.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप स्थापन झाला तो या साऱ्या घडामोडींच्या पार्श्वभूमीवर. सूझा त्याचे प्रवर्तक. गोव्यातील सालिगाव येथे जन्मलेल्या या बंडखोर तरुणाला जे. जे.मधून काढून टाकण्यात आले होते. अमरावती जिल्ह्यातील गाडे विज्ञानाचे पदवीधर होते, हुसेन चित्रपटांचे फलक रंगवून आणि लाकडी खेळणी बनवून पोट भरत होते. जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात या सहा जणांचे प्रदर्शन भरले. लेखक मुल्कराज आनंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वेगवेगळ्या धर्मांचे, भाषांचे, थरांतले हे सहा तरुण एकत्र आले ते शैलीच्या साम्यामुळे नव्हे. ठरीव वळणे नाकारण्याचे धैर्य हाच त्यांच्यातील समान धागा होता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येत नाही. भारतीय आधुनिक कला युरोपातून आलेल्या तीन माणसांनी घडवली, असे म्हणायचे काय? काही परदेशी लेखनातून असा सूर निघतो. त्यावर प्रतिक्रिया म्हणून काही भारतीय लेखक या त्रयीचा उल्लेख एखाद्या तळटीपेत उरकतात. दोन्ही टोके वस्तुस्थितीला धरून नाहीत. १९४१ मध्येच जे. जे.च्या काही विद्यार्थ्यांनी आपला स्वतंत्र गट स्थापून नव्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला होता. सूझा यांचा पिंड कोणाच्याही छायेत राहणारा नव्हता. हुसेन यांच्या चित्रभाषेला कलाटणी मिळाली ती १९४८ साली दिल्लीत भरलेल्या भारतीय कलेच्या भव्य प्रदर्शनामुळे. मथुरेची शिल्पे, बसोहलीची लघुचित्रे आणि लोककला यांचे जे दर्शन तेथे घडले, ते व्हिएन्नाच्या कोणत्याही प्रतिकृतीत सापडणारे नव्हते. रझा यांनाही गुरूच्या मर्यादेची जाणीव लवकरच झाली. १९४८ मध्ये काश्मीरला त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याशी पडली. रझांची चित्रे त्यांना आवडली, पण चित्रांत बांधणीची उणीव आहे आणि त्यासाठी सेझानचा अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. लँगहॅमर यांच्याकडून रझांना रंगाचा उत्साह मिळाला होता. रचनेचा कणा त्यांनी पॅरिसमध्ये शोधला आणि बिंदूचे तत्त्व त्यांना पुढे भारतीय विचारपरंपरेत गवसले.

तरीही गुरूचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. शिष्य आपल्यासारखाच व्हावा, ही इच्छा भल्याभल्यांना सुटत नाही. लँगहॅमर यांच्या हाताखालून गेलेल्या चित्रकारांपैकी एकानेही पुढे त्यांच्यासारखे चित्र काढले नाही. आरा यांची वस्तुचित्रे, रझांचे बिंदू, हुसेन यांचे घोडे यांत गुरूचा कुंचला शोधूनही सापडत नाही. चित्राकडे कसे पाहावे, स्वत:च्या कामावर निष्ठुर नजर कशी ठेवावी आणि चित्रकला हे पूर्ण वेळचे, सन्मानाचे जीवितकार्य आहे यावर विश्वास कसा ठेवावा, एवढेच त्यांनी शिकवले. वसाहतीतील मध्यमवर्गीय घरांत चित्रकार होणे म्हणजे फार तर ड्रॉइंग मास्तर होणे, असे समीकरण असताना हा विश्वास मिळणे ही फार मोठी गोष्ट होती.

स्वत: लँगहॅमर मुंबईत सातत्याने रंगवत राहिले. निसर्गदृश्ये, व्यक्तिचित्रे, भारतातील माणसे आणि बाजार हे त्यांचे विषय. मध्य युरोपातील करड्या आकाशाखाली वाढलेल्या या चित्रकाराला येथील उन्हाने झपाटले. जाडसर लेपातून उमटणारे पिवळे, नारिंगी, जांभळे रंग त्यांच्या चित्रांत दाटीवाटीने येतात. ती चित्रे प्रसन्न आहेत, कसबी आहेत. पण भारतीय कलेला नवे वळण देणारी आहेत, असे त्यांचा चाहताही म्हणणार नाही. परक्या देशाच्या रंगांनी भारावलेल्या पाहुण्याची नजर त्यांत जाणवते. दुसऱ्याच्या चित्रातील अस्सल ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या चित्रांची मर्यादा कळत नसेल, असे मानणे कठीण आहे. ती कळूनही आपल्याहून मोठे होऊ शकणाऱ्यांसाठी त्यांनी घराचे दार उघडे ठेवले, यातच त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे.

पाहता पाहता रविवारच्या मैफलीतील माणसे पांगली. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आणि बाकरे १९५१ मध्ये लंडनला. मुंबईतही चित्र बदलत होते. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि चित्रकारांना हक्काचे सार्वजनिक दालन मिळाले. शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी याच पिढीची चित्रे घ्यायला सुरुवात केली. १९५५ मध्ये हुसेन यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९५६ मध्ये रझा यांना पॅरिसमध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह ग्रुपही विसर्जित झाला. घरगुती शाळेची गरज आता उरली नव्हती. १९५७ मध्ये लँगहॅमर दांपत्याने जवळजवळ दोन दशकांच्या वास्तव्यानंतर मुंबईचा निरोप घेतला. ते व्हिएन्नाला परतले नाहीत, लंडनला गेले. ज्या शहराने एकदा हाकलले तेथे पुन्हा बिऱ्हाड थाटणे अनेक निर्वासितांना जमले नाही. १९७७ साली लँगहॅमर यांचे निधन झाले.

त्यांच्या मित्रांनी आणि शिष्यांनी पुढे निवडलेल्या वाटा पाहिल्या की, हा सारा प्रवास अधिक अर्थपूर्ण वाटू लागतो. लायडन यांनी उत्तरायुष्यात भारतीय गंजिफांचा सखोल अभ्यास केला. ज्या सावंतवाडीत ही हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला टिकून राहिली, ते संस्थान स्वातंत्र्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात सामील झाले होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरीचाच भाग होते. आधुनिक कलेचा पुरस्कर्ता आपले अखेरचे संशोधन चिताऱ्यांच्या परंपरेला वाहतो, यातच नव्या-जुन्याचे भांडण वरवरचे असल्याचा निर्वाळा मिळतो. सदानंद बाकरे यांनी तर लंडनमधील पंचविसेक वर्षांच्या वास्तव्यानंतर रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड-हर्णैचा समुद्रकिनारा गाठला. लंडनच्या दालनांत नाव कमावलेला हा शिल्पकार नारळी-पोफळीच्या त्या गावात प्रसिद्धीपासून दूर राहिला आणि १८ डिसेंबर २००७ रोजी तेथेच निवर्तला. आरा आजन्म मुंबईतच राहिले. रॅम्पार्ट रोच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये धडपडणाऱ्या नवोदितांना आधार देत त्यांनी १९८५ मध्ये जगाचा निरोप घेतला. लँगहॅमर यांच्याकडून मिळालेले देणे आरांनी असे पुढच्या पिढीच्या ओंजळीत टाकले, असेच म्हणावे लागेल.

रझा यांचे सौराष्ट्र हे चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. हुसेन यांच्या १९५४ सालच्या ग्रामयात्रा या चित्राला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. नेपियन सी रोडच्या त्या घरातील रविवारची किंमत कोणत्याही लिलावात ठरणारी नाही. लँगहॅमर यांच्या नावाने कोणतेही घराणे चालले नाही, त्यांच्या चित्रांचे स्वतंत्र दालनही मुंबईत कोणी उभारले नाही. निर्वासिताला आश्रय देणाऱ्या शहराने त्याच्याकडून किती घेतले, याचा हिशेब मात्र भारतीय चित्रकलेच्या इतिहासाला एक दिवस मांडावाच लागेल. आश्रय आणि उपकार यांचे पारडे नेहमी यजमानाकडेच झुकते असे नाही, हे लँगहॅमर यांच्या चरित्राने दाखवून दिले आहे.